दांताखालचें हाड आणि त्याची कृत्रिम भरपाई

दांत पडला म्हणजे तोंडांत एक फट पडली, हंसतांना ओंठ मिटून घ्यावे लागले, आणि सुपारी फोडण्याची पंचाईत झाली, इतकेंच आपण समजतों. दांताबरोबर हाडहि जातें, हें पुष्कळांच्या गांवींहि नसतें. वस्तुतः दांत जातो तेव्हां निम्मेंच नुकसान झालेलें असतें. उरलेलें निम्में त्यानंतरच्या कांहीं महिन्यांत, हिरडीच्या आड, कांहीं दुखल्याखुपल्यावांचून होत राहतें. त्या नुकसानीचें स्वरूप काय, आणि तें भरून काढण्यासाठीं रसायनशाळेंत तयार केलेले जे पांढरे दाणे हल्लीं जबड्यांत भरतात, ते तेथें जाऊन नेमकें काय करितात, हें या लेखांत सांगावयाचें आहे.

जबड्याच्या हाडाचे स्थूलमानानें दोन भाग मानतां येतील. खालचा भाग हा पाया, आणि त्यावर शेतांतील सरीच्या कडेला असतो तसा उभा असलेला वरंबा. दांतांचीं मुळें या वरंब्यांतील खोबणींत बसलेलीं असतात. पाया जन्मभर टिकतो. वरंबा मात्र दांतापुरताच असतो. दांत उगवूं लागला कीं तो तयार होतो, आणि दांत गेला कीं तो ओसरूं लागतो. मूळ व खोबण यांच्यामध्यें अतिसूक्ष्म तंतूंचा एक पदर असतो. घास चावतांना प्रत्येक वेळीं हे तंतु हाडाला किंचित् ओढ देतात, आणि त्या ओढीवरच तें हाड जगतें. ज्यूलियस वुल्फ नांवाच्या जर्मन शस्त्रवैद्यानें १८९२ सालीं असें प्रतिपादन केलें कीं, हाडावर जसा भार पडेल तशी त्याची घडण होते. जें हाड राबतें तें पुष्ट होतें. ज्याला काम उरलें नाहीं, त्याचा माल शरीर काढून नेतें.

हा माल किती लवकर हलविला जातो, याविषयीं डेन्मार्कमधील संशोधकांनीं २००३ सालीं प्रसिद्ध केलेलीं मोजमापें पुष्कळदां आधारास घेतलीं जातात. दाढा व उपदाढा काढलेल्या रुग्णांचा वरंबा त्यांनीं वर्षभर मोजला. बारा महिन्यांत त्याची रुंदी सुमारें निम्म्यानें कमी झाली, आणि या घटीपैकीं सुमारें दोन तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच झालेली आढळली. सगळे दांत गेलेल्या वृद्धांचे ओंठ आंत ओढले जातात, हनुवटी नाकाच्या भेटीस येते, आणि कवळी बसवूनहि तें बोळकें पूर्ववत् दिसत नाहीं, याचें कारण हें ओसरलेलें हाड होय.

पूर्वीं या ओसरणाऱ्या हाडाची फारशी कोणी पर्वा करीत नसे. कवळी हिरडीवर टेकते; हाड थोडें कमी असलें तरी तिचें कसेंबसें भागतें. परिस्थिति पालटली ती स्वीडनमधील पेर-इंगवार ब्रॉनेमार्क यांच्या एका प्रयोगामुळें. हाडांतील रक्ताभिसरण जिवंतपणीं पाहतां यावें म्हणून त्यांनीं १९५२ सालीं सशाच्या पायाच्या हाडांत टिटॅनियम धातूचें एक लहानसें पाहणीचें यंत्र बसविलें होतें. प्रयोग संपल्यावर तें काढावयास गेले, तों तें निघेना. हाड धातूला असें भिडलें होतें कीं, दोहोंमध्यें फट म्हणून राहिली नव्हती. दुसरा कोणी असता तर यंत्र वायां गेल्याबद्दल हळहळला असता. ब्रॉनेमार्क यांना त्यांतून दांत बसविण्याची युक्ति सुचली. १९६५ सालीं गोटेनबर्ग येथें त्यांनीं एका गृहस्थाच्या जबड्यांत टिटॅनियमचे खुंट रोवून त्यांवर दांत उभे केले. ते खुंट त्या गृहस्थाच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे २००६ सालापर्यंत, चाळीस वर्षांहून अधिक काळ कामीं आले. यालाच आपल्याकडे दंतरोपण किंवा नुसतें इंप्लांट असें म्हणतात.

आतां अडचण येते ती येथें. खुंटाची जाडी साधारणतः चार मिलिमीटर, आणि त्याच्या दोन्ही बाजूंस निदान एक-दीड मिलिमीटर तरी हाड हवें. म्हणजे वरंबा सहा-सात मिलिमीटर रुंद असला पाहिजे. वर्ष-दोन वर्षें रिकाम्या राहिलेल्या जागीं तो पुष्कळदां तितका उरलेला नसतो. वरच्या जबड्यांतील दाढांच्या जागीं तर आणखी एक विघ्न असतें. तेथें हाडाच्या वर गालांतील हवेची पोकळी असते, आणि दाढ गेल्यावर ती पोकळीहि खालीं उतरूं लागते. मध्यें उरतो तो हाडाचा पातळ पापुद्रा. पडक्या भिंतींत जाड खुंटी ठोकावी, तशांतला हा प्रकार. म्हणून आधीं भिंत भरून काढावयाची आणि मग खुंटी ठोकावयाची, असा क्रम ठरला.

भिंत भरावयाची तर ती कशाची आहे हें ठाऊक पाहिजे. मांसाहारी घरांतील विद्यार्थ्यांनीं कोंबडीच्या तंगडीचें एक स्वच्छ हाड आठवडाभर शिरक्यांत बुडवून ठेवावें. शिरक्यांतील आम्लानें हाडांतले क्षार विरघळून जातात, आणि हाड रबरासारखें वांकूं लागतें. उलट तसेंच दुसरें हाड निखाऱ्यांत चांगलें जाळलें, तर त्याचा आकार कायम राहतो, परंतु बोटानें दाबतांच भुगा होतो. पहिल्यांत तंतु उरले, दुसऱ्यांत क्षार उरले. हाडाचा टणकपणा आणि चिवटपणा दोहोंच्या मिलाफांत होता. वजनानें पाहतां हाडाचा सुमारें दोन तृतीयांश भाग कॅल्शियम व फॉस्फरस यांच्या क्षाराचा असतो. बाकीचा भाग कोलॅजन नांवाच्या प्रथिनाचे तंतु व पाणी यांचा. हायड्रॉक्सीअपॅटाइट या खनिजाशीं हाडांतील क्षाराचें अगदीं जवळचें नातें आहे. हा क्षार मनुष्याला बनवितां येतो. तंतूंची ती वीण आणि तींत राहणाऱ्या जिवंत पेशी मात्र अद्याप कोणत्याहि कारखान्यांत बनत नाहींत. कृत्रिम अस्थिचूर्णाचें सामर्थ्य व त्याची मर्यादा हीं दोन्ही या एका गोष्टींत आलीं.

अर्थात् मनुष्यानें प्रथम विचार केला तो उसन्या हाडाचा. १६६८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका डच शस्त्रवैद्याच्या ग्रंथांत अशी हकीकत आहे कीं, एका रशियन सरदाराच्या डोक्याची कवटी तरवारीनें फुटली असतां ती कुत्र्याच्या कवटीच्या तुकड्यानें बुजविण्यांत आली. जखम उत्तम भरली. पण मनुष्याच्या मस्तकांत कुत्र्याचें हाड ही गोष्ट तेथील धर्माधिकाऱ्यांना न रुचून त्याला बहिष्कृत करण्यांत आलें. बिचारा तो तुकडा काढून घ्या म्हणून विनवूं लागला, तों तुकडा कवटीशीं एकजीव झालेला होता. ही गोष्ट थोडी तिखटमीठ लावलेली असली तरी तिच्यांतील पेंच आजहि जिवंत आहे. त्याकडे पुढें येऊं. १८८० च्या सुमारास ग्लासगो येथील विल्यम मॅक्यूएन यांनीं एका लहान मुलाच्या दंडाचें कुजून गेलेलें हाड दुसऱ्या मुलांच्या हाडाच्या तुकड्यांनीं पुनः उभें केलें. मुडदूस होऊन पाय वांकलेल्या मुलांचे पाय सरळ करतांना जे तुकडे कापून काढावे लागत, तेच त्यांनीं उपयोगांत आणले.

आजहि शस्त्रवैद्य रुग्णाचें स्वतःचें हाड सर्वांत श्रेष्ठ मानतात, कारण त्याबरोबर जिवंत पेशी येतात. परंतु तें हनुवटींतून, अक्कलदाढेच्या मागून किंवा कमरेच्या हाडांतून काढावें लागतें. म्हणजे एका जखमेच्या दोन जखमा होतात, आणि मिळतें तेंहि मोजकेंच. दुसरा मार्ग मृत दात्यांच्या अथवा शस्त्रक्रियेंत निघालेल्या मानवी हाडांचा. मुंबईस टाटा मेमोरियल रुग्णालयांत १९८८ सालीं ऊतिपेढी स्थापन झाली. तेथें अशीं हाडें स्वच्छ करून, गॅमा किरणांनीं निर्जंतुक करून रुग्णांसाठीं देण्यांत येतात. तिसरा मार्ग जनावरांच्या, मुख्यतः गाईगुरांच्या हाडांचा. त्यांतील सर्व प्रथिनें काढून टाकून केवळ क्षाराचा सांगाडा शिल्लक ठेवितात. आणि चौथा मार्ग म्हणजे कोणाचेंच हाड न घेतां तो सांगाडा खनिजांपासून नव्यानें बनविणें.

या चौथ्या मार्गाचा आरंभ आपण ज्यानें भिंती व मूर्ति घडवितों त्या प्लास्टर ऑफ पॅरिसपासून झाला, हें ऐकून नवल वाटेल. १८९२ सालीं जर्मनींतील ड्रीसमन यांनीं हाडांतील पोकळ्या या प्लास्टरनें भरल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. कांहीं पोकळ्या खरोखरच हाडानें भरून आल्या. दोष एवढाच कीं, प्लास्टर शरीरांत कांहीं आठवड्यांतच विरघळून जातें, आणि हाड इतक्या घाईनें येत नाहीं. पुढें १९२० सालीं अमेरिकेंतील फ्रेड अल्बी यांनीं कॅल्शियमचा फॉस्फेट हा क्षार प्राण्यांच्या हाडांत घालून पाहिला. पन्नास वर्षें ही कल्पना जवळ जवळ पडून राहिली. १९६७ सालीं फ्लॉरिडा विद्यापीठांतील लॅरी हेंच हे एका परिषदेस बसनें जात असतां शेजारीं व्हिएतनामहून परतलेला एक लष्करी अधिकारी बसला होता. शरीर झिडकारणार नाहीं असा एकादा पदार्थ तुम्ही लोक कां करीत नाहीं, असें त्यानें विचारलें. हेंच यांचा विषय कांच. त्यांनीं १९६९ सालीं एक निराळीच कांच तयार केली. खिडकीच्या कांचेंत सिलिका सुमारें सत्तर टक्के असते. हिच्यांत ती पंचेचाळीस टक्केच ठेवून सोडियम व कॅल्शियम पुष्कळ घातलें, आणि थोडा फॉस्फरस. खिडकीला ही कांच कुचकामाची, कारण ती पाण्यांत टिकत नाहीं. शरीरांत तोच दुर्गुण गुण ठरला. रक्तद्रवानें तिचा पृष्ठभाग विरघळतो, त्यावर क्षाराचा थर जमतो, आणि तो थर हाडाला आपलासा वाटतो. उंदरांच्या हाडांत बसविलेले तुकडे सहा आठवड्यांनीं ओढून निघेनात. सशाच्या हाडांतील टिटॅनियमची हकीकत वाचकांना येथें आठवेलच.

यानंतर हायड्रॉक्सीअपॅटाइट व ट्रायकॅल्शियम फॉस्फेट हे दोन क्षार दंतवैद्यकांत रूढ झाले. ते बनविण्याची रीत ऐकावयास साधी आहे. कॅल्शियमचा व फॉस्फेटचा द्राव मिसळून सांका पाडतात, तो वाळवितात, आणि हजार अंशांहून अधिक उष्णतेंत भाजतात. खरी कारागिरी आहे ती छिद्रांची. आपल्याकडे वीटभट्टीवाले चिखलांत भाताचें तूस मिसळतात. भट्टींत तूस जळून जातें आणि विटेंत बारीक पोकळ्या राहतात. हीच युक्ति येथें लढवितात. क्षारांत जळून जाणारे कण मिसळून ते भाजले कीं जाळीदार दाणा तयार होतो. हीं छिद्रें एकमेकांत उघडणारीं असलीं पाहिजेत, आणि निदान मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याइतकीं, शक्य तर त्याच्या तिप्पट, रुंद असलीं पाहिजेत. नाहींतर त्यांतून रक्तवाहिन्या शिरत नाहींत, आणि जेथें रक्त नाहीं तेथें हाड नाहीं. दाणा स्वतः असतो जाड्या रव्याच्या कणाएवढा. भारतांतहि तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेनें हायड्रॉक्सीअपॅटाइट व अशी कांच यांचा मेळ घातलेले दाणे तयार केले आहेत.

खोबणींत भरतांना हे दाणे रुग्णाच्याच रक्तांत भिजवितात. त्यांवर एक पातळ पडदा पसरतात व हिरडी टांके घालून मिटतात. पडदा कशासाठीं? हिरडीच्या पेशी मोठ्या उतावळ्या असतात. रिकामी जागा दिसली कीं त्या हाडाच्या आधीं तेथें घुसतात, आणि एकदां मऊ मांसानें जागा व्यापली म्हणजे हाडाला वाव उरत नाहीं. पडदा त्यांना कांहीं आठवडे अडवून धरतो. त्या अवधींत खोबणीच्या भिंतींतून नव्या रक्तवाहिन्या दाण्यांच्या छिद्रांत शिरतात, त्यांच्यामागून हाड रचणाऱ्या पेशी येतात आणि दाण्यांच्या अंगावर नवें हाड लिंपूं लागतात. दुसऱ्या बाजूनें हाड पोखरणाऱ्या पेशी दाणे हळूहळू फस्त करितात. म्हणजे हा दाणा हाड होत नाहीं. गवंडी भिंत बांधतांना जी परांची उभारतात, ती तो आहे. भिंत शरीरानेंच बांधावयाची असते.

परांची केव्हां सोडावी, हा सगळा प्रश्न आहे. प्लास्टर फार लवकर जातें. ट्रायकॅल्शियम फॉस्फेट कांहीं महिन्यांपासून वर्ष-दीड वर्षांत बरेंचसें नाहींसें होतें. हायड्रॉक्सीअपॅटाइट वर्षानुवर्षें हलत नाहीं. त्यामुळें आकार उत्तम टिकतो, पण नव्या हाडांत जुने खडे राहून जातात. म्हणून फ्रान्स व अमेरिका येथील संशोधकांनीं दोहोंचें मिश्रण पुढें आणलें. त्यांत बहुधा साठ भाग पहिल्या जातीचे न विरघळणारे व चाळीस भाग विरघळणारे, असें प्रमाण असतें. एक जागा धरून ठेवतो, दुसरा जागा सोडून देतो. खुंट बसविण्यापूर्वीं साधारणतः चार ते सहा महिने, आणि गालाच्या पोकळींत भरणा केला असल्यास त्याहूनहि अधिक, थांबावें लागतें. या महिन्यांत बाहेरून कांहींच घडतांना दिसत नाहीं, आणि रुग्ण कंटाळतात. घाई करून उपयोग नाहीं.

जाहिरातींत या दाण्यांचें वर्णन वाचलें तर वाटावें कीं, आतां हाडाची चिंताच मिटली. आमच्या मतें हा अतिरेक आहे. चहूंकडून भिंती असलेल्या खोबणींत कृत्रिम दाणे फार चांगलें काम देतात, कारण पेशी व रक्त जवळच असतें. परंतु वरंबा पुष्कळ खचला असून तो उंच करावयाचा असेल, तर निर्जीव दाण्यांना एकट्यानें तें झेपत नाहीं. तेथें रुग्णाच्या स्वतःच्या हाडाची जोड द्यावी लागते. तंबाखू, विडी व मशेरी यांचें व्यसन आणि ताब्यांत नसलेला मधुमेह यांमुळें हिरडीचा रक्तपुरवठा व भरून येण्याची शक्ति खालावते, आणि मग उत्तमांतले उत्तम दाणेहि पुवाबरोबर बाहेर पडतात. शिवाय दांत काढल्यानंतर प्रत्येकाच्या खोबणींत दाणे भरलेच पाहिजेत असेंहि नाहीं. खुंट बसवावयाचाच नसेल, किंवा भिंती जाड व शाबूत असतील, तर नैसर्गिक रक्ताची गुठळीच पुरेशी होते. दांत काढण्यापूर्वींच या जागेचें पुढें काय करावयाचें, हें वैद्यास विचारून ठेवणें पालकांना फायद्याचें ठरेल. पहिल्या तीन महिन्यांतली घट मागाहून विचारून परत येत नाहीं.

आतां त्या रशियन सरदाराचा पेंच. गाईच्या हाडाचें चूर्ण दंतवैद्यकांत फार वापरलें जातें, आणि शास्त्रदृष्ट्या त्याचा अनुभव चांगला आहे. तथापि आपल्या देशांत अनेक हिंदु व जैन कुटुंबांना तें मान्य होणार नाहीं; डुकरापासून काढलेला पदार्थ मुसलमान कुटुंबांना चालणार नाहीं. पुष्कळ रुग्णांना चूर्ण कशाचें आहे हें कोणी सांगत नाहीं, व तेहि विचारीत नाहींत. कृत्रिम दाण्यांचा एक मोठा गुण हा कीं, त्यांत हा प्रश्नच उद्भवत नाहीं. मात्र एक गोष्ट सहज निसटते. दाणे कृत्रिम असले तरी त्यांवरचा पडदा बहुधा डुकराच्या किंवा गुरांच्या कोलॅजनचा असतो. ज्यांना आक्षेप असेल त्यांनीं दाणे आणि पडदा या दोहोंविषयीं स्वतंत्र विचारावें. वेष्टनावर मूळ छापलेलें असतें, आणि पूर्णपणें कृत्रिम पडदेहि मिळतात. ज्यांना आक्षेप नसेल त्यांनीं इतरांचा आक्षेप हंसण्यावारी नेऊं नये. शरीर ज्याचें, त्याची संमति हवी.

हा सर्व विचार प्रौढांचा झाला. शाळेंतील विद्यार्थ्यांना टिटॅनियमचा खुंट बसवीत नाहींत. मुलांचा जबडा वाढत असतो व त्याबरोबर खरे दांत पुढें सरकतात. खुंट मात्र हाडाशीं जखडलेला असल्यामुळें जागचा हलत नाहीं, आणि दोन-चार वर्षांत तो दांत शेजाऱ्यांच्या मानानें आंत बुडालेला दिसूं लागतो. म्हणून मुलींनीं साधारण सतरा-अठराव्या व मुलांनीं वीस-एकविसाव्या वर्षापर्यंत, वाढ थांबल्याची खात्री होईतों, थांबावयाचें असतें. मग क्रिकेटचा चेंडू लागून बाराव्या वर्षीं पुढचा दांत निखळला, तर मधल्या आठ-नऊ वर्षांत तेथील हाडाचें काय होणार?

येथें सर्वांत उत्तम उपाय मैदानावरच करावयाचा असतो. निखळलेला दांत कायमचा असेल, दुधाचा नसेल, तर तो मुळाला हात न लावतां पांढऱ्या टोंकाकडून धरावा. माती लागली असल्यास क्षणभर थंड दुधानें किंवा पाण्यानें धुवावा; घासूं किंवा पुसूं नये. शक्य तर तेथल्या तेथें खोबणींत परत बसवून रुमालावर दांत आवळून धरावे. तें न जमल्यास दांत दुधांत टाकून तडक दंतवैद्याकडे जावें. मुळावरील पेशी उघड्या हवेंत तासाभरांत मरतात. अर्ध्या तासांत दांत परत बसला तर तो जगण्याची आशा पुष्कळ असते. दुधाचा दांत मात्र परत बसवूं नये, कारण त्यानें आंतील कायमच्या दांतास इजा होते.

उशीर झाला तरीहि दांत फेंकून देऊं नये. मुळावरील पेशी मेल्या असतां हाड त्या मुळाला चिकटतें आणि वर्षानुवर्षें तें मूळ थोडें थोडें खाऊन त्याच्या जागीं स्वतः येतें. असा दांत जन्मभर पुरत नाहीं, परंतु तेवढा काळ वरंबा शाबूत राहतो. तो आंत बुडूं लागला म्हणजे त्याचा वरचा भाग कापून मूळ तसेंच हाडांत ठेवण्याची रीत स्वीडनमधील दंतवैद्यांनीं १९८४ सालीं प्रसिद्ध केली. त्या मुळावर हिरडी मिटते, मूळ हळूहळू हाडांत बदलतें, आणि मुलगा मोठा होऊन खुंट बसविण्यास येतो तेव्हां भरण्यासाठीं लागणारें हाड पुष्कळदां तेथेंच तयार असतें.